उदास बँडांचे साथीदार : गाणारा एक, रडवणारे दुसरेच

पागोळी
कपाट आवरताना 'बॉक्सर'ची सीडी हाती लागली. द नॅशनल या बँडचा २००७चा अल्बम. घरात आता सीडी वाजवायला काही नाही, म्हणून नुसतीच आतली पुस्तिका उघडून बसले आणि कपाट राहिलं बाजूला.

बँडात माणसं पाच. पुस्तिकेतली नावं मात्र लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनम्र'सारखी संपता संपत नाहीत. दोन गाण्यांत पियानो कोणाचा, तर सुफ्यान स्टीव्हन्सचा. की-बोर्डवर थॉमस बार्टलेट. मागे बाईचा आवाज येतो तो मार्ला हॅन्सनचा. आणि तंतुवाद्यं-पितळी वाद्यांची रचना पद्मा न्यूसम. हे नाव वाचून मी कितीतरी वर्षं समजत होते की आपल्याकडची कोणी पद्माताई तिकडे जाऊन व्हायोला वाजवते. निघाला ऑस्ट्रेलियन बाप्या! असो.

तर धागा काढण्याचं कारण. मॅट बर्निंगर, म्हणजे यांचा गायक, जाड आवाजात पुटपुटतो. त्याचे शब्द नुसते वाचले तर निम्मे ऑफिसातल्या कंटाळ्याचे आणि पार्टीतून लवकर घरी जावंसं वाटण्याचे. त्यावर कोणी रडत नाही. पोटात खड्डा पडतो तो मागून कोणीतरी हळूच व्हायोला ओढतं तेव्हा. माझं म्हणणं असं की या सगळ्या धुकट, खिन्न बँडांमध्ये गायक फक्त दुःखाचा पत्ता सांगतो, तिथवर नेतात ते साथीदार. आणि त्यांची नावं आपण वाचतसुद्धा नाही.

नवख्यांसाठी: मंडळी मूळची ओहायोतल्या सिनसिनाटीची, बँड जमला १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. ॲरन आणि ब्राइस डेसनर हे जुळे गिटारवर. स्कॉट आणि ब्रायन डेव्हनडॉर्फ हे भाऊ बास आणि ड्रमवर. बर्निंगर एकटा, त्याचा भाऊ बँडात नाही. (त्या भावाने, टॉमने, यांच्या दौऱ्यावर हरकाम्या म्हणून जाऊन २०१३ मध्ये एक माहितीपट काढला. बँडपेक्षा त्यात भावाभावांचंच जास्त आहे. जरूर बघा.)

तुम्हाला कोणता साथीदार छळतो ते लिहा.

चहाटळ
पाच पन्नाशीतले अमेरिकन. घर, बायको, मुलं सगळं जागच्या जागी, आणि तरी रडतायत. आमच्या बाबांना फ्लॅटचा हप्ता होता, दोन बहिणींची लग्नं होती, त्यांनी एकही अल्बम काढला नाही.

पागोळी
@चहाटळ, ही थट्टा त्यांनी स्वतःच करून झाली आहे. 'सॅड डॅड्स' छापलेले कपडे ते स्वतःच विकतात. नवी काडी आणा.

ठेका_चुकला
मस्त धागा, वाचनखूण साठवली.

मी तबल्यातला आहे, तोही आता हौसेपुरता, त्यामुळे माझं लक्ष आधी ड्रमवर जातं. ब्रायन डेव्हनडॉर्फ हा अजब माणूस आहे. वर गायक झोपेत बोलल्यासारखा गातोय आणि खाली याचे हात विलक्षण कामात. 'ब्लडबझ ओहायो' ऐका. 'स्क्वॉलर व्हिक्टोरिया' ऐका. विलंबित ख्याल चालू असताना तबलजीने अंगात आल्यासारखं वाजवलं तर बुवा मान वळवून बघतील. इथे मात्र त्या दोन चालींच्या ओढाताणीतच बेचैनी तयार होते. माणूस वरून शांत आणि आतून धावतोय, अशी.

दुसरं, 'फेक एम्पायर'चा सुरुवातीचा पियानो. तीन मात्रांच्या अंतरात चार बसवलेत. सोपं वाटतं, करून बघा: टेबलावर एका हाताने तीन, दुसऱ्याने चार, दोघांची सम एकच. मला नीट जमायला एक रविवार गेला आणि शेजारच्या काकूंनी भिंत ठोकली. ऐकणाऱ्याला हे हिशेब कळायची गरज नाही. त्याला एवढंच जाणवतं की पाय कुठे ठेवायचा ते नक्की होत नाहीये. ड्रम येईपर्यंत आपण जिन्याची एक पायरी चुकल्यासारखे लटकलेले असतो.

गंमत म्हणजे २००८ मध्ये ओबामांच्या प्रचाराच्या एका व्हिडिओत हेच गाणं शब्दांशिवाय वापरलं होतं. शब्द काढले की आशादायी, शब्द घातले की उदास! म्हणजे @पागोळी, तुमचा सिद्धांत इथेच थोडा लंगडा पडतो. नुसत्या साथीने लोक रडले नाहीत, मत द्यायला निघाले.

पागोळी
अरेच्चा. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. विचार करते.

हडसनकाठची
इकडे न्यू जर्सीत आल्यावर मी यांना दोनदा प्रत्यक्ष ऐकलं. पहिल्या वेळी सहा महिन्यांची गरोदर होते. नवरा म्हणाला, बाळाला उगाच काहीतरी उदास ऐकवू नकोस. गेलेच.

बर्निंगर मध्येच माइक घेऊन प्रेक्षकांत उतरतो हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की माइक वायरचा असतो. तो गर्दीत पुढे पुढे जातो आणि मागे ती लांबलचक वायर लोक डोक्यावरून एकमेकांच्या हाती देत राहतात, कुठे अडकू नये म्हणून. विहिरीवरचा दोर सोडतात तशी. ती माझ्याही हातातून गेली, गरम आणि घामाने चिकट. गायक दिसतच नव्हता, फक्त वायरला हिसका बसला की कळायचं, स्वारी आता डावीकडे वळली.

शेवटचं गाणं त्यांनी साध्या गिटारवर वाजवलं आणि गायले प्रेक्षकच. त्या क्षणी साथीदार कोण आणि गायक कोण, सांगा बरं.

आता खरा मुद्दा, म्हणजे स्टेजवर मागे उभे असलेले दोघे: काइल रेझनिक ट्रम्पेटवर आणि बेन लांझ ट्रॉम्बोनवर. अधिकृतपणे ते बँडात नाहीत, पण वर्षानुवर्षं प्रत्येक दौऱ्यात आहेत. दोघांनी बेरूट नावाच्या बँडातही वाजवलंय. लांझने दोन डेव्हनडॉर्फ भावांना घेऊन एक वेगळा बँडही काढला, नाव एलएनझेडएनडीआरएफ. आडनावांतले स्वर काढून टाकायचे आणि काही व्यंजनं ठेवायची, झालं बारसं.

आजीचा_रेडिओ
वय वर्षे ६७, भावगीतांवर वाढलेला माणूस. नातवाने या धाग्याची लिंक दिली म्हणून आलो. साथीदारांचं नाव कोणी घेत नाही ही तक्रार जगभर सारखीच दिसते! आमच्या वेळी रेडिओवर गायक, कवी, संगीतकार सांगत. ज्याच्या बासरीने काळजाला घर पडलं त्याचं नाव कधी सांगितलं नाही.

यातलं एखादं सुचवा, पण कमी गोंगाटाचं.

हडसनकाठची
@आजीचा_रेडिओ काका, तुम्हाला एक गंमत सांगते. २०१३ मध्ये रॅग्नर क्यार्टनसन नावाच्या आइसलँडच्या कलाकाराने या बँडला न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात, मोमा पीएस वनमध्ये, उभं केलं आणि त्यांचं 'सॉरो' हे साडेतीन मिनिटांचं गाणं सलग सहा तास वाजवायला लावलं. तेच गाणं, शंभराहून अधिक वेळा. नंतर ते नऊ तबकड्यांच्या संचात विकून पैसे एका आरोग्यसंस्थेला दिले.

चहाटळ
शेजाऱ्यांच्या घरी सत्यनारायण असला की आम्हीही ऐकतो सहा तास एकच गाणं. पैसे कोणी देत नाही.

आजीचा_रेडिओ
@चहाटळ, हसलो खरा. पण आमच्या गावच्या सप्त्यात एक कीर्तनकार यायचे, ते एकच चरण तासभर घोळवत. पहिली दहा मिनिटं अर्थ कळतो. मग अर्थ सुटतो आणि नुसता शब्द उरतो. मग शब्दही बोथट होतो. आणि केव्हातरी पखवाजवाला एक थाप वेगळी मारतो आणि तोच चरण एकदम पहिल्यांदा ऐकल्यासारखा अंगावर येतो. बुवांनी काहीच बदललेलं नसतं, बदललेला असतो पखवाज. त्या अमेरिकन मुलांचंही चौथ्या-पाचव्या तासाला असंच काहीतरी झालं असणार. नातवाला म्हटलं, लाव. अर्धा तास ऐकलं. नंतर बातम्या होत्या.

उत्तररात्र
सगळ्यांची क्षमा मागून पूर्ण उलट मत मांडतो.

साथीदार वाढवून दुःख वाढतं हे मला पटत नाही. कमी करून वाढतं. त्यासाठी लो हा बँड ऐका. मिनेसोटातलं डुलुथ, थंडगार सुपीरियर सरोवराच्या काठावरचं शहर, १९९३. ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर हे नवरा-बायको, शाळेपासूनची ओळख. सोबत बासवर एक जण, तो अधूनमधून बदलत गेला. मिमी उभ्याने ड्रम वाजवायची. समोर स्नेअर आणि टॉम असे दोनच ड्रम, एक झांज, हातात काठ्यांऐवजी बहुतेकदा ब्रश. संपला संसार. सगळे बँड कर्कश होत चालले होते त्या काळात ही माणसं इतकी हळू आणि इतक्या हलक्या आवाजात वाजवायची की लोक ऐकायला पुढे वाकायचे.

आणि दोघांचा आवाज. हार्मनी हा शब्द मला तिथे अपुरा वाटतो. दोन माणसांनी एकच घोंगडी पांघरावी तसे ते आवाज एकमेकांना धरून असतात.

आता साथीदारांबद्दल. यांच्याकडे साथीदाराचं काम वाजवणाऱ्यापेक्षा ध्वनिमुद्रण करणाऱ्याने जास्त केलं. १९९९चा 'सीक्रेट नेम' आणि २००१चा 'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केले. हा बाबा माइक कुठे ठेवायचा यात देव होता आणि गाण्यात ढवळाढवळ करायची नाही ही त्याची जिद्द. खोलीत जे होतं ते टेपवर. मग शेवटच्या तीन अल्बमांना बी. जे. बर्टन आला आणि त्याने नेमकं उलट केलं. २०१८चा 'डबल निगेटिव्ह' ऐकताना पहिल्यांदा मला वाटलं, हेडफोनची वायर गेली. गिटार फाटलेली, ढोल चिखलात बुडालेला, आणि त्या राडारोड्यातून मधूनच दोघांचा स्वच्छ आवाज वर येतो, पुरात एखाद्या घराचा पत्रा दिसावा तसा. तो अल्बम झाला विस्कॉन्सिनमध्ये, जस्टिन व्हर्ननच्या स्टुडिओत. हा व्हर्नन म्हणजे बॉन इव्हेर या नावाने गाणारा. नॅशनलवाल्यांचा जिवलग. म्हणजे फिरून गाडी तुमच्याच गावात आली, @पागोळी.

मिमी २०२२च्या नोव्हेंबरात कॅन्सरने गेली. ५५ वर्षांची. बँड तिथेच थांबला. ॲलनने २०२४ मध्ये एकट्याने अल्बम काढला, त्यात स्वतःचा आवाज यंत्रातून इतका वाकवलाय की ओळखू येत नाही. मी तो रागारागाने अर्ध्यात बंद केला होता. मग एकदा रात्री लक्षात आलं, तीस वर्षं ज्या आवाजाच्या शेजारी आपला आवाज ठेवला तो नाही, तर आपलाच आवाज नको वाटत असेल. पुढच्या वर्षी त्याने डुलुथच्याच ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स या बँजो-फिडलवाल्या मित्रांबरोबर दुसरा अल्बम केला. त्यात तो परत आपल्या आवाजात गातो. गावातली माणसं घरी येऊन बसली, एवढंच.

पागोळी
@उत्तररात्र, तो अल्बम मीही अर्ध्यात सोडला होता. आज परत लावते.

पण तुमच्या लोचं डर्टी थ्री या ऑस्ट्रेलियन त्रिकुटाबरोबरचं, २००१ मध्ये आलेलं रेकॉर्डिंग विसरलात का? एक डच कंपनी दोन बँडांना दोन दिवस स्टुडिओ द्यायची, जमेल ते वाजवा म्हणून. त्यात वॉरन एलिसचं व्हायोलिन आहे. मेलबर्नचा दाढीवाला. पुढे निक केव्ह या गायकाचा उजवा हात झाला. त्याचं व्हायोलिन रडत नाही, कण्हतं. नील यंगचं एक गाणं त्यांनी इतकं लांबवलंय की मूळ गाणं कुठे सुरू होतं ते शोधावं लागतं. म्हणजे तुमच्या कमीत कमीवाल्यांनीही पाहुणे बोलावले की.

उत्तररात्र
दोन दिवसांसाठी. पाहुणे आणि भाडेकरू यांत फरक आहे :)

चहाटळ
जरा गंभीरपणे लिहितो. माझ्या भाचीमुळे २०२० मध्ये 'फोकलोर' कानावर आदळला. टेलर स्विफ्टचा. मला म्हणाली, मामा, हे तुझ्या त्या रडक्या लोकांसारखं आहे. (हो, ऐकतो मी. काड्या सारणाऱ्यालाही हृदय असतं.) श्रेयनामावली पाहिली तर ॲरन डेसनर! टाळेबंदीत हडसन व्हॅलीतल्या आपल्या लाँग पाँड स्टुडिओत बसून तो नुसत्या वाद्यांचे तुकडे पाठवायचा आणि ती लांबून त्यावर शब्द आणि चाल बांधून परत पाठवायची. 'कार्डिगन' काही तासांत परत आलं म्हणे. १६ पैकी ११ गाण्यांची निर्मिती त्याची. वाद्यवृंदाची रचना ब्राइसची, एका गाण्यात ब्रायनचे ड्रम. वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमीसुद्धा मिळालं.

मग एड शीरन आला, ग्रेसी एब्रम्स आली. आणि माझी तक्रार इथे सुरू होते. सगळ्या घरांत एकच वाटण! तोच मऊ पियानो, तीच मागे कुरकुरणारी इलेक्ट्रॉनिक टिकटिक, तेच चौथ्या ओळीला येणारं व्हायोलिन. भाजी कोणतीही असो, चव डेसनरांकडची.

ठेका_चुकला
+१. वाटण ही उपमा चोरण्यात येत आहे.

पागोळी
निम्मं मान्य. पण त्याच वाटणात शॅरन व्हॅन एटनचा 'ट्रॅम्प' झाला, २०१२ मध्ये, ॲरनच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. तो ऐका आणि सांगा की तिचा आवाज कुठे दबलाय. स्कॉटलंडच्या फ्रायटन्ड रॅबिटचा २०१६चा शेवटचा अल्बमही त्याच्याच हातचा. गायक स्कॉट हचिसन दोन वर्षांनी गेला. त्याबद्दल आणखी लिहीत नाही, तो अल्बम मी क्वचितच लावते.

आणि नॅशनलचा स्वतःचा २०१९चा 'आय ॲम ईझी टू फाइंड'. माइक मिल्स या दिग्दर्शकाने छोटा कृष्णधवल चित्रपट केला आणि अल्बम त्याच्या जोडीने वाढत गेला. त्यात यांनी एक धाडस केलं. आपल्या गायकाच्या हातातलं निम्मं गाणं काढून बायकांना दिलं. गेल ॲन डॉर्सी, जिने वर्षानुवर्षं डेव्हिड बोवीच्या मागे बास वाजवला. लिसा हॅनिगन. केट स्टेबल्स. मीना टिंडल, म्हणजे ब्राइसची बायको. बर्निंगरचा तो खर्जातला पुरुषी हुंदका मध्येच तुटतो आणि डॉर्सीचा आवाज येतो, तेव्हा इतकी वर्षं एकतर्फी चाललेल्या भांडणात पहिल्यांदा समोरचं माणूस बोलतंय असं वाटतं. शिवाय बर्निंगरचे शब्दही बरेचदा त्याची बायको कॅरिन बेसर बरोबरीने लिहिते. पूर्वी न्यूयॉर्कर मासिकात कथाविभागाची संपादक होती. म्हणजे बाई आधीपासून खोलीत होतीच, आता तिला माइक मिळाला.

@ठेका_चुकला, तुमच्या ओबामावाल्या मुद्द्याचं उत्तर: हरले. अर्धी हरले. साथीदार खोली सजवून देतात, पण कोणीतरी एकाने त्यात बसून बोलावं लागतं.

हडसनकाठची
कोणाला त्या पितळी वाद्यांमधलं काही कळतं का? मला नेहमी प्रश्न पडतो की ट्रम्पेटसारखं लग्नातलं, मिरवणुकीतलं वाद्य इतकं उदास कसं वाजतं.

बँडमास्तर_ज्युनियर
बरेच दिवस नुसता वाचत होतो, हा माझा पहिला प्रतिसाद. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचा लग्नाचा बँड आहे, कोल्हापूरकडे. आजोबांनी सुरू केला, आता वडील बघतात. मी ट्रम्पेट वाजवतो, बाकी दिवस मोबाइल दुरुस्तीचं दुकान. वरातीत आमचं काम एकच: डीजेच्या वर ऐकू जायचं. म्हणून पोट आवळून फुंकायचं. तीन तासांत ओठ बधिर होतात, रात्री चहा पिताना कप ओठाला लागलाय का ते कळत नाही.

तुमच्या धाग्यावरून 'फेक एम्पायर' ऐकलं. उत्तरार्धात ट्रम्पेट-ट्रॉम्बोन येतात तिथे मी गाणं थांबवून मागे घेतलं, दहा-बारा वेळा. आमच्यासारखी एक लांब ओळ नाहीये ती. छोटे छोटे सूर, एकाची फुंक संपते तिथे दुसऱ्याची उठते, सायकलच्या चेनचे दात बसतात तसे. एकाने पाव मात्रा उशीर केला की सगळं सांडेल. त्यांच्या दुसऱ्या गाण्यांत जे लांब, हळू सूर येतात ते तर त्याहून अवघड. जोरात फुंकताना सगळं झाकलं जातं. हळू फुंकताना हवा कमी आणि ओठ मात्र तेवढेच ताणून धरावे लागतात. जरा ढिले पडले की सूर मरतो आणि नुसती हवा येते, फुसऽऽ. ताईंनी विचारलं उदास कसं वाजतं. माझा अंदाज असा की त्या सुरात माणसाचं स्वतःला आवरून धरणं ऐकू येतं. सूर फुटायच्या बेतात असतो आणि फुटत नाही.

रात्री वडिलांना फोनवर ऐकवलं. ते पूर्ण ऐकेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटी फुंकणारे किती जण आहेत?" मी म्हटलं, स्टेजवर दोघंच असतात. म्हणाले, "आणि एवढ्या हळू वाजवायचे पैसे मिळतात?"

आजीचा_रेडिओ
बाळ, तुमच्या आजोबांच्या बँडाचे काही जुने रेकॉर्डिंग आहे का?

बँडमास्तर_ज्युनियर
नाही काका. वरातीचं रेकॉर्डिंग कोण करतं. एका लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये ते पाठमोरे दिसतात, पण वर सिनेमाचं गाणं चिकटवलंय.

पागोळी
@बँडमास्तर_ज्युनियर, ते हळू सूर वाजवून बघितलेत का?

बँडमास्तर_ज्युनियर
रोज बघतोय. लगीनसराई संपलीय, वेळ आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढून, ट्रम्पेटच्या तोंडात पायमोजा कोंबून. काल एक सूर बावीस सेकंद धरला. वडील बाहेर बाकड्यावर बसून मोजत होते.